शेजारच्या बंदरांवरही कुणीतरी कॅटलॉग उघडून बघायला हवा : महाराष्ट्रातल्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले 48 आणि राज्यसभेतले 19 सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी न्हावा शेव्याला कस्टम ब्रोकरचं काम करतो. परदेशातून आलेल्या मालाची कागदपत्रं भरायची, तपासणीला उभं राहायचं, ‘आउट ऑफ चार्ज’ म्हणजे माल सोडायचा हुकूम मिळाला की गाडी गेटबाहेर काढायची, हा माझा धंदा. परराष्ट्र धोरणावर बोलायला मला कुणी नेमलेलं नाही. पण आपण ज्या सभागृहांत बसता तिथं दरवर्षी परदेशांना द्यायच्या मदतीचे आकडे येतात, आणि त्यात एक खातं मला कुठंच दिसत नाही. ते खातं माझ्या रोजच्या कामाच्या फार जवळचं आहे, म्हणून हा खटाटोप.

2025-26 च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी 2,150 कोटी रुपये होते, नेपाळसाठी 700 कोटी, मालदीवसाठी 600 कोटी, इराणमधल्या चाबहार बंदरासाठी 100 कोटी. यातल्या एका रुपयालाही माझी हरकत नाही. शेजाऱ्याकडे वीज आली, रस्ता झाला तर आपलंही भलंच होतं. मात्र अण्वस्त्रं, रासायनिक अस्त्रं किंवा क्षेपणास्त्रं बनवायला लागणारा माल या शेजाऱ्यांच्या बंदरांतून गुपचूप पुढं सरकू नये, यासाठी त्यांना हात द्यायचा, असं वेगळं खातं या यादीत नाही. ते असावं आणि ते आपण मागावं, एवढंच सांगायचं आहे. पण का, ते सांगायला जरा जागा लागेल.

जानेवारी 2024 मधली न्हावा शेव्याची घटना आपल्या वाचनात आली असेल. ‘सीएमए सीजीएम अटिला’ हे जहाज चीनहून कराचीला निघालं होतं, वाटेत आमच्या बंदरात थांबलं. 23 जानेवारीला कस्टम्सनं त्यावरचा माल अडवला. वजन 22,180 किलो, आत इटलीतल्या कंपनीनं बनवलेलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं, यंत्र. कागदावर पाठवणारा शांघायचा आणि घेणारा सियालकोटचा. खोलात गेल्यावर दोन्ही टोकांना वेगळीच नावं निघाली, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. डीआरडीओच्या पथकानं यंत्र पाहिलं आणि ते पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात वापरता येण्यासारखं आहे असं मत दिलं. पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्याचं म्हणणं असं, की मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या कराचीच्या एका कंपनीचं ते साधं लेथ मशीन आहे आणि भारतानं विनाकारण अडवलं.

खरं-खोटं करायला मी बसलेलो नाही. माझं लक्ष गेलं ते दुसरीकडेच. तो माल आपल्या बंदरात उतरायचाच नव्हता. अशा मालाला आमच्याकडे ‘सेम बॉटम’ म्हणतात. ज्या जहाजानं आला त्याच जहाजानं पुढं जाणारा. त्याचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, भरलं जात नाही, ड्यूटी लागत नाही, त्याच्यामागं कुणी ब्रोकर धावत नाही. जहाजाच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे मालाच्या यादीवर, फक्त एक ओळ असते. 2024-25 मध्ये या बंदरानं सुमारे 73 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापानं तेवढे कंटेनर, हाताळले. त्या ढिगातून ती एक ओळ उचलायची तर आधी खबर लागते, मग ती ओळ वाचून ज्याच्या कपाळाला आठी पडेल असा अधिकारी लागतो, आणि कंटेनर उघडल्यावर आत नेमकं काय आहे ते सांगणारा तज्ज्ञ बोलावल्यावर यावा लागतो. आपल्याकडे हे सगळं जुळून आलं. तेच जहाज वाटेत दुसऱ्या एखाद्या छोट्या बंदरात थांबलं असतं तर जुळलं असतं का?

खरी मेख कुठं आहे ते सांगतो. आडव्या सीएनसी लेथचा टॅरिफ कोड 8458 11 ने सुरू होतो. ड्यूटी ठरवायला तो कोड पुरेसा आहे. शस्त्रांच्या दृष्टीनं मात्र विचारायचं असतं ते वेगळंच: यंत्राचे किती अक्ष एकाच वेळी चालतात आणि कापायचं अवजार किती मायक्रॉनपर्यंत अचूक जागी थांबतं. गाडीचा एक्सल कापणारं यंत्र आणि क्षेपणास्त्राचा भाग कापणारं यंत्र एकाच कोडखाली येऊ शकतं. इन्व्हॉइसवर मॉडेल नंबर असला तर असतो, पॅकिंग लिस्टवर ‘सीएनसी मशीन विथ स्टँडर्ड ॲक्सेसरीज’ एवढंच. बाकीचं कॅटलॉगमध्ये. म्हणजे कॅटलॉग मागायचं सुचायला हवं, आणि हातात आल्यावर कुठल्या पानावरचा कुठला आकडा बघायचा हे ठाऊक हवं. आमच्याकडच्या अधिकाऱ्यांतही हे सगळ्यांना जमतं असं नाही. ज्यांना जमतं ते शिकल्यामुळं जमतं.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. ‘ट्रिगर्ड स्पार्क गॅप’ नावाचा एक मुठीत मावणारा नग असतो. मूतखडा फोडणाऱ्या यंत्रात तो बसवतात. अणुबॉम्बच्या स्फोटाचा क्षण साधणाऱ्या सर्किटमध्येही तोच चालतो. 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्यानं अमेरिकेतून असे 200 नग मागवले, कागदावर सोवेटोच्या इस्पितळाचं नाव घालून. पहिले 66 नग तिथून पुढं पाकिस्तानला रवाना झाले. अमेरिकी यंत्रणांना आधीच कुणकुण लागली होती, म्हणून ते निकामी करूनच पाठवले होते. व्यापारी 2004 च्या सुरुवातीला पकडला गेला. इस्पितळाला असे नग लागतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 200 चा आकडा बघून थबकणारा माणूस कुठल्या तरी टेबलावर बसलेला असणं, हाच या सगळ्यातला खरा बंदोबस्त.

आपल्या उपखंडाला हे नव्यानं सांगायला नको. 1999 मध्ये, कारगिलची लढाई चालू असताना, कांडला बंदरात उत्तर कोरियाचं ‘कु वोल सान’ हे जहाज अडवलं गेलं. पेट्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रसामग्रीच्या म्हणून दाखवलेल्या, आत क्षेपणास्त्रांचे भाग. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या चोरट्या अणुव्यापाराच्या जाळ्याचा माल तर चार-पाच देशांच्या कस्टम्सच्या नाकाखालून फिरत होता. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचे भाग मलेशियात बनले, दुबईमार्गे लिबियाला निघाले आणि ऑक्टोबर 2003 मध्ये ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीच्या बंदराकडे वळवल्यावर सापडले. मलेशियानं अशा व्यापारावर स्वतंत्र कायदा केला तो 2010 मध्ये. त्याआधी तिथल्या अधिकाऱ्यानं कंटेनर उघडला असता तरी त्याला चकचकीत ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांपलीकडं काय दिसणार होतं?

या प्रकरणानंतर, 28 एप्रिल 2004 ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 1540 क्रमांकाचा ठराव केला. प्रत्येक देशानं कायदे करावेत, सीमा आणि निर्यातीवर लक्ष ठेवावं, असं त्यात बंधन आहे. ज्यांना हे झेपत नाही त्यांना झेपणाऱ्यांनी मदत करावी, असंही आवाहन आहे. आपण 2005 मध्ये कायदा केला, 2022 मध्ये त्यात दुरुस्ती करून पैशाची वाटही बंद केली. मदतीच्या कलमाबाबत मात्र आपण आजवर हात आखडताच ठेवला.

अशी मदत म्हणजे दुसऱ्याच्या घरात पैसे ओतणं, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. अमेरिकेतही तसंच वाटत होतं. 1991 च्या अखेरीस सोव्हिएत संघ कोसळत असताना सॅम नन आणि रिचर्ड लुगार हे परस्परविरोधी पक्षांचे दोन सिनेटर पुढं आले आणि म्हणाले, की कालच्या शत्रूची अण्वस्त्रं मोडायला आपल्याच संरक्षण खात्याच्या पैशातून 40 कोटी डॉलरपर्यंत देऊ. मतदारांना परदेशी मदतीचा आधीच राग होता. तरी कायदा झाला. पुढच्या वीसेक वर्षांत साडेसात हजारांहून जास्त अण्वस्त्रं त्यातून निकामी झाली. युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूस हे तिन्ही देश 1996 संपेपर्यंत अण्वस्त्रमुक्त झाले.

या कार्यक्रमातले मोठे आकडे मला तितके भिडत नाहीत. भिडतात त्या बारीक गोष्टी. कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यात सुमारे 600 किलो उच्च दर्जाचं समृद्ध युरेनियम पडून होतं, वीसेक बॉम्ब होतील एवढं, आणि गोदामाच्या दाराला जुन्या घाटाचं कुलूप. 1994 मध्ये ते विमानानं उचलून टेनेसीतल्या ओक रिजला नेलं. रशियात त्या काळी अणुशास्त्रज्ञांना महिनोन्‌महिने पगार मिळत नव्हता. स्नेझिन्स्कच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेचे संचालक व्लादिमिर नेचाय यांनी ऑक्टोबर 1996 मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. अशा माणसांनी पोटासाठी तेहरान किंवा प्याँगयांगची वाट धरू नये म्हणून 1994 पासून मॉस्कोतल्या एका आंतरराष्ट्रीय केंद्रानं त्यांना नागरी संशोधनाचे प्रकल्प आणि मानधन दिलं. अमेरिका, युरोप आणि जपान मिळून ते चालवत होते.

आणि देगेलेन. याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण बंदरावर काम करणाऱ्याला भंगाराचं महत्त्व चांगलं कळतं. कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कच्या सोव्हिएत चाचणी क्षेत्रात 1949 ते 1989 या काळात 456 अणुचाचण्या झाल्या. त्यातल्या बऱ्याच देगेलेन डोंगरातल्या बोगद्यांत. काही प्रयोग असे होते की पूर्ण स्फोट झालाच नाही आणि प्लुटोनियम खडकात तसंच राहिलं. 1991 मध्ये क्षेत्र बंद झालं, लष्कर निघून गेलं, आसपासच्या वस्त्यांमधली कामं गेली. बोगद्यांत तांब्याच्या केबल होत्या, रूळ होते. लोक ते उपटायला लागले. बोगद्यांची तोंडं बंद केली तर बुजवलेलं फोडून परत आत. 1998 मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस अण्वस्त्र प्रयोगशाळेचे माजी संचालक सीगफ्रीड हेकर तिथं गेले. उंटांवरून चार-दोन भुरटे येत असतील, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात दिसले मैलोन्‌मैल खणलेले चर आणि मोठ्या यंत्रांच्या खुणा. तांबं खणणाऱ्यांना प्लुटोनियमशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांच्या मागोमाग ज्याला असेल असा कुणी आला असता तर रान मोकळंच होतं.

पुढं जे झालं ते मला कुठल्याही करारापेक्षा मोठं वाटतं. प्लुटोनियम नेमकं कुठं आहे ते फक्त रशियनांना माहीत, आणि ते गुपित. जमीन कझाकांची. पैसा अमेरिकेचा. तिघांत विश्वास जवळपास शून्य. शास्त्रज्ञांनी आधी आपसांत बोलणी केली, सरकारं मागून आली. मग बोगद्यांत काँक्रीट ओतून माल कायमचा गाडला. 2012 पर्यंत हे काम चाललं, खर्च सुमारे 15 कोटी डॉलर. डझनभर किंवा त्याहून जास्त बॉम्बचा माल कुणाच्या हाती न लागण्याची ही किंमत. एका लढाऊ विमानाच्या आसपास जाणारी.

भंगाराचा हा धडा आपण घरातही शिकलो आहोत. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र भंगारवाल्यांनी तोडलं. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 होतं. एकाचा जीव गेला, बाकीचे भाजले. किरणोत्सर्गी माल भंगारात जाण्याची ही वाट ढाक्यात, कोलंबोत, मोंबासातही तशीच असणार. आपण ट्रॉम्ब्यात विकसित केलेलं ‘भाभाट्रॉन’ हे कर्करोगावरचं कोबाल्ट यंत्र व्हिएतनामला भेट दिलं, ते छानच केलं. त्या यंत्राचं आयुष्य संपल्यावर आतल्या स्रोताचं काय करायचं, हेही त्या भेटीबरोबर शिकवायला हवं.

नन-लुगार कार्यक्रमात सगळंच गोडगोड नव्हतं. क्रास्नोयार्स्कला क्षेपणास्त्रांचं द्रव इंधन नष्ट करायला सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्चून कारखाना उभारला, आणि तो तयार होईपर्यंत रशियानं ते इंधन अंतराळ मोहिमांसाठी वापरून टाकलं. कारखाना धूळ खात पडला. रशियाकडून पक्कं लेखी बंधन घेतलेलं नव्हतं. शिवाय बराचसा पैसा अमेरिकी कंत्राटदारांच्याच खिशात गेला, ही रशियनांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. हे सांगतो अशासाठी, की उद्या आपण असं खातं उघडलं तर स्थायी समितीत आपणच पहिला प्रश्न हा विचारावा: समोरच्यानं काय लिहून दिलं आहे?

आता अडचणींकडे येतो. ‘हे काम अमेरिकेचं, तिला करू दे’ हे म्हणणं आता टिकत नाही. 20 जानेवारी 2025 ला तिथल्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत 90 दिवसांसाठी गोठवली आणि अनेक देशांत भूसुरुंग काढणारी पथकंसुद्धा हातातली कामं टाकून बसली. रशियानं तर नन-लुगारची मुदत वाढवायला 2012 मध्येच नकार दिला होता. एकाच देणाऱ्याच्या मर्जीवर हिंदी महासागरातली बंदरं सोडून चालणार नाही. आपल्या किनाऱ्याला तर अजिबात नाही.

‘एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर, सही न करणारा, स्वतः अण्वस्त्रं बाळगणारा देश दुसऱ्याला काय शिकवणार?’ हा टोमणा बाहेरून येईल, आणि तो बिनबुडाचा आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण 2009 मध्ये आपला रासायनिक अस्त्रांचा साठा नष्ट केला. 2016 मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत गेलो, 2017 मध्ये शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार गटात, 2018 मध्ये रासायनिक-जैविक मालावर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात. कॅटलॉग वाचायला शिकवण्यासाठी एवढी पात्रता पुष्कळ झाली.

‘कस्टम्सचा माणूस पैसे खाणार असेल तर शिकवून काय उपयोग?’ हा प्रश्न रायगडच्या माणसाला पहिला सुचतो. 1993 च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला आरडीएक्स आणि बंदुका उतरल्या, तेव्हा ज्यांनी अडवायचं त्यांतल्याच काहींनी वाट मोकळी करून दिली. 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली, आणि पुढं कस्टम्स व पोलिसांतल्या काहींना शिक्षाही झाल्या. म्हणूनच नुसतं प्रशिक्षण मागत नाही. एकाच माणसाच्या सहीवर कंटेनर सुटू नये, मॅनिफेस्टचा डेटा दोन ठिकाणी तपासला जावा, संशय आला की तो नोंदवावाच लागावा, अशी रचना उभारायला मदत द्यावी. लाच बंद होत नसते, पण ती खाणं महाग करता येतं.

आपण काहीच देत नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अणुसुरक्षा निधीला 2012 मध्ये 10 लाख डॉलर जाहीर केले, 2016 मध्ये आणखी 10 लाख. सीरियाची रासायनिक अस्त्रं नष्ट करायलाही 10 लाख डॉलर दिले. पण हे गणपतीची वर्गणी देऊन पावती घेतल्यासारखं झालं. मांडवात उभं राहायला आपला माणूस कुठं आहे? हरियाणात जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र आहे. 1964 पासून ‘आयटेक’खाली परदेशी अधिकारी भारतात येऊन शिकतात. कस्टम्सची राष्ट्रीय अकादमी आहे. 2019 पासून परराष्ट्र मंत्रालय तरुण परदेशी मुत्सद्द्यांसाठी निःशस्त्रीकरणाचा अभ्यासक्रमही चालवतं. मुत्सद्दी मात्र कंटेनरचं सील कापताना समोर उभे नसतात.

मला हवं आहे ते असं. कोलंबो, चितगाव, माले, पोर्ट लुई, मोंबासा इथले तपासणी करणारे अधिकारी, म्हणजे टेबलावर बसणारे, त्यांचे साहेब नव्हेत, इथं न्हावा शेव्याला यावेत. वर्गात चार दिवस आणि तपासणी शेडमध्ये चार आठवडे. खरं यंत्र, खरा कॅटलॉग, नियंत्रित मालाच्या ‘स्कोमेट’ यादीतली खरी ओळ. परत गेल्यावर त्यांच्यासाठी एक क्रमांक असावा: संशयित मालाचा आणि त्याच्या नावपट्टीवरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवला की इथला तज्ज्ञ काही तासांत सांगेल, सोडा की थांबवा. लहान देशांना स्वतःचं डीआरडीओ उभं करता येणार नाही, फोन मात्र करता येईल. कोलंबोचं घ्या. तिथल्या ट्रान्सशिपमेंटमध्ये, म्हणजे जहाज बदलून पुढं जाणाऱ्या मालात, मोठा वाटा भारतात येणाऱ्या आणि भारतातून जाणाऱ्या मालाचा आहे. तिथलं टेबल पक्कं झालं तर फायदा आधी आपल्याला होणार. ज्यांना कायदा करायचा आहे त्यांना आपल्या 2005 च्या कायद्याचा अनुभव, त्यातल्या अडचणींसकट, मोकळेपणानं द्यावा. आपल्या निर्यातदारांना ‘स्कोमेट’ परवान्यासाठी काय काय सोसावं लागतं ते मी रोज ऐकतो. तेही सांगावं, म्हणजे त्यांच्याकडं तीच कटकट नव्यानं उभी राहणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर भूतानच्या आकड्याशेजारी हा आकडा दिसणारसुद्धा नाही.

लोकसभेत प्रश्न विचारायचा तर किमान 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे आपल्याला मी सांगायची गरज नाही. माझी विनंती आहे की आपल्यातल्या एकानं तरी परराष्ट्र मंत्र्यांना हे लेखी विचारावं: 1540 ठरावाखाली मदत मागणाऱ्या शेजारी देशांना गेल्या पाच वर्षांत भारतानं काय दिलं, त्यातलं कस्टम्सच्या तपासणीपर्यंत किती पोहोचलं, आणि पुढच्या अनुदानाच्या मागण्यांत यासाठी वेगळं शीर्ष ठेवणार का. उत्तर कुठल्याही पक्षाच्या सदस्याला मिळालं तरी माझी हरकत नाही. तपासणी शेड कशी चालते ते पाहायचं असेल तर बंदरात येण्याची परवानगी आपल्याला माझ्यापेक्षा लवकर मिळेल. सकाळी यावं, दुपारनंतर ट्रेलरच्या रांगेत करळ फाट्यावरच अडकाल.

आपला,
न्हावा शेव्यातला एक कस्टम ब्रोकर
उरण, जि. रायगड